कारण : अशक्तपणा

कारखान्याच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त कुठलं औषध खपतं, असं मला निवृत्त झाल्यापासून बरेच जण विचारतात. त्यांना वाटतं, मी एखाद्या गोळीचं नाव सांगेन. खरं उत्तर असं की दहा मिनिटं आडवं पडू देणं. त्याला डोस लागत नाही, उपाशीपोटी चालतं, जेवणानंतरही चालतं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं नर्स होते. माहेर शेणव्याचं, सासर शहापूरचं आणि नोकरी मुरबाडला, त्यामुळे माझं सगळं आयुष्य या दोन तालुक्यांतच फिरलं. कामगार मला 'शिस्टर' म्हणायचे. साहेब लोक 'सिस्टर' म्हणायचे. माझं नाव सुलभा आहे, हे निरोप समारंभाच्या बॅनरवर वाचून दोघातिघांना धक्काच बसला.

दवाखाना म्हणजे ऑफिसच्या इमारतीत जिन्याखालची खोली. एक खाट, एक वजनकाटा, एक बीपीचं यंत्र, औषधांचं कपाट आणि मी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी काय झालं तरी आधी मी. पत्र्याच्या कडेने बोट चिरलं की 'शिस्टर, पत्रा चावला' म्हणत माणूस यायचा. कुत्रा चावल्यासारखं सांगायचे अगदी. मी धुवून, पट्टी बांधून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन पाठवायचे. त्याशिवाय हंगामी आजार असायचे. भाताच्या आवणीच्या दिवसांत सगळ्या खात्यांत कंबरदुखीची साथ यायची, कारण सकाळी दोन तास चिखलात वाकून माणूस पाळीला आलेला असायचा. गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ताप यायचा. तो ताप थर्मामीटरला दिसत नसे, पण मी तोंडं ओळखून होते.

प्रत्येक आजाऱ्याची नोंद एका छापील तक्त्यात करावी लागे. नाव, खातं, तक्रार, दिलेलं औषध, आणि शेवटचा रकाना, 'कारण'. या रकान्यात मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'अशक्तपणा'. फार सोयीचा शब्द आहे तो. त्यात कुणाचीच चूक नसते. कंपनीची नाही, ठेकेदाराची नाही, नर्सचीही नाही. माणूसच अशक्त, त्याला कोण काय करणार! पुढेपुढे माझं पेन त्या रकान्याशी आलं की आपोआपच 'अ' काढायचं.

नोकरीला अठरा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या हेड ऑफिसला एके दिवशी आमच्या तब्येतीची आठवण झाली. 'कर्मचारी आरोग्य महिना' पाळायचा ठरला आणि एका टेम्पोतून आठ खोकी माझ्या खोलीत येऊन पडली. खाटेवर खोकी, वजनकाट्यावर खोकी. एकाचं बोट चिरलं तेव्हा मी त्याला खोक्यावर बसवून पट्टी बांधली. बरोबर देवधर साहेबांची चिठ्ठी होती, 'सिस्टर, ही आरोग्यवर्धनाची साधनसामग्री आहे. योग्य तो वापर करून फोटो पाठवावेत.' देवधर साहेब आमचे फॅक्टरी मॅनेजर. वाईट माणूस नाही. फक्त वरून आलेला मेल आणि वरून आलेला पाऊस यांत त्यांना फरक वाटत नसे. दोन्हीखाली मान घालून चालायचं.

मी खोकी फोडली. पहिल्यात पोस्टरं होती. एकावर एका गोऱ्या बाईचा फोटो आणि खाली, 'डोळ्यांना विश्रांती द्या! दर वीस मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढून दूरवर पाहा.' हे मला प्रेसखात्यात लावायचं होतं. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं यंत्र. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाने दूरवर पाहिलं, तर पुढे त्याला बोटं मोजताना अडचण येते. मी ते पोस्टर गुपचूप अकाउंट्समध्ये लावलं. दुसऱ्या पोस्टरवर निरोगी नाश्त्याची बशी होती. त्यातल्या हिरव्या फळाकडे पॅकिंगच्या बायका बराच वेळ बघत राहिल्या. "शिस्टर, ह्यो कच्चाच खायाचा का?" एकीने विचारलं. मलाही ते फळ माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुमी भाकरी सोडू नका म्हंजे झालं."

तिसऱ्या खोक्यात मऊ रबरी चेंडू होते. ताण आला की मुठीत दाबायचे. पहिल्याच जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गोदामामागे क्रिकेट सुरू झालं आणि खरं सांगायचं तर ताण उतरलाही. मग मोबाइलवरचं पावलं मोजायचं अॅप आलं. जो जास्त चालेल त्याला बक्षीस. आठवडाभरात आमच्या एका ऑपरेटरची पावलं सगळ्या देशातल्या शाखांच्या पुढे गेली. हेड ऑफिसने त्याच्या अभिनंदनाचा मेल धाडला. तो माणूस दिवसभर जागचा हलत नसे. मोबाइल चालत्या प्रेसच्या पायावर ठेवून द्यायचा. प्रेस धडधडायची, पावलं वाढायची.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मीही त्यात होते. योगाच्या दिवशी माझं हसू थांबलं.

योगशिक्षक मुंबईहून आले होते. शांत गृहस्थ, आवाज अगदी मऊ. कँटीनच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या आणि पहिल्या पाळीच्या लोकांना बसवलं. पुढच्याच रांगेत गोटीराम होता. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचा, प्रेसखात्यातला सर्वांत जुना ऑपरेटर, पंचविशीत लागला तो पन्नाशीला टेकला होता. थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध. त्याला विचारलं 'जेवलास का', तर म्हणायचा 'शनिवारी'. 'किती वाजले' विचारलं तर 'बरंय'. सगळे हसायचे, तोही हसायचा.

"डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या," शिक्षक म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. पाचेक मिनिटांनी ते म्हणाले, "आता हळूच डोळे उघडा." सगळ्यांनी उघडले, आळस दिले, उठले. चहा आला. गोटीराम मात्र मांडी घालून, डोळे मिटून, तसाच.

"गोटीराम समाधीत गेला रे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. शिक्षक भारावले. "पहिल्याच दिवशी इतकी एकाग्रता मी पाहिलेली नाही," म्हणाले. देवधर साहेबांनी फोटो काढला. मीही पदराने डोळे पुसत हसत होते. तेवढ्यात कँटीनवाल्याच्या हातून चमच्यांचा अख्खा ट्रे फरशीवर पडला, बरोबर गोटीरामच्या पाठीमागे. आम्ही सगळे दचकलो. एकीच्या हातचा चहा सांडला.

गोटीरामची पापणीसुद्धा हलली नाही.

मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले, उभी असलेली माणसं पाहिली आणि पटकन हसला. "झोप लागली व्हती, शिस्टर."

मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. बसवलं. मग त्याच्याकडे पाठ करून कपाटातल्या बाटल्या लावत नेहमीच्या आवाजात म्हटलं, "गोटीरामभाऊ, तुमच्या कॉलरवर विंचू चढलाय." आणि वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघून शहाण्यासारखा मान डोलवत होता.

"बरंय," म्हणाला.

हा माणूस थट्टेखोर नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून तो अंदाजाने उत्तर द्यायचा, आणि चुकलं की लोक हसायचे म्हणून तोही हसायचा. प्रेसच्या आवाजाने कान एकदम जात नाहीत. आधी पाखरांची किलबिल जाते, मग मोबाइलची रिंग, मग बायकांचे आवाज. माणसाला वाटतं, लोकच हल्ली पुटपुटतात.

आता माझं ऐका. दर सहा महिन्यांनी मी प्रत्येकाची तपासणी करायचे. तक्त्यात बघत विचारायचे, "डोळे बरे ना? कान बरे ना? खोकला? झोप?" गोटीरामला हा क्रम पाठ झाला होता. तो प्रत्येक वेळी बरोबर ठिकाणी 'बरे', 'बरे', 'नाय', 'बरी' म्हणायचा. आणि मी लिहायचे, 'ऐकणे : ठीक'. ज्या माणसाला ऐकू येतं का ते बघायचं, त्यालाच तोंडाने विचारून मी सही करत होते, आणि तेही मान वर न करता. मान वर केली असती तर तो माझे ओठ किती एकटक बघतोय ते तरी दिसलं असतं.

मी पेन काढलं तसा त्याने माझा हात धरला. आता मी त्याच्यासमोर, सावकाश बोलत होते.

"शिस्टर, लिवू नका. प्रेसवरनं काढतील मना."

"भाऊ, मागून फोर्कलिफ्ट आली तर काय कराल?"

"आजवर काय झाला का? मी प्रेस कानानी नाय चालवत. पायाला समाजतं तिचं. जरा आवाज बदालला का तळव्याला कळतं."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला रडू येत होतं. पण मी लिहिलं. कान तपासायचं यंत्र असलेली गाडी बोलावून घेतली आणि नुसत्या गोटीरामची नाही, सगळ्या प्रेसखात्याची तपासणी करून घेतली. कानात घालायचे बोळे कंपनी कधीपासून देत होती. दोरीवाले, नारिंगी रंगाचे. लोक ते तपासणीच्या दिवशी गळ्यात माळेसारखी घालायचे. त्या दिवसानंतर मी रोज सकाळी प्रेसखात्यात जाऊन प्रत्येकाच्या कानात ते आहेत का हे स्वतः बघायला लागले. लोक वैतागायचे. "शिस्टर कान उपटाया आली," म्हणायचे.

गोटीरामला स्टोअरला घातलं. पगार तोच, पण त्याचा मान गेला असं त्याला वाटलं. तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मग श्रवणयंत्र बसलं आणि एका सकाळी तो दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. तोंड पाडून.

"काय झालं भाऊ? यंत्र टोचतंय?"

"टोचत नाय. पन शिस्टर, घरात येवढा बोलतात मना म्हाईत नव्हता. बायको तं सकाळधरनं चालू. तीस वरसं ही असाच बोलतेय का?"

"बहुतेक."

त्याने कानातलं यंत्र नीट बसवलं. "बिचारी," म्हणाला, आणि गेला. आमची बोलाचाली सुरू झाली. पण गेलेले कान यंत्राने परत येत नाहीत, नुसतं काम भागतं. ते माझ्या नावावर राहिलंच.

त्यानंतर मी तक्त्यात बघून प्रश्न विचारणं सोडलं. माणसाकडे बघून विचारायचं, आणि उत्तर 'बरंय' आलं तर पुन्हा विचारायचं. ही सवय लागून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा शेवटचं खोकं उघडलं गेलं. त्यात पाण्याच्या बाटल्या होत्या.

बाटली मोठी देखणी होती. पारदर्शक, निळ्या झाकणाची, आणि अंगावर वेळेच्या खुणा. नऊ वाजता इथपर्यंत, 'सुंदर सुरुवात!' अकरा वाजता इथपर्यंत, 'थांबू नका!' दोन वाजता, 'अर्ध्याहून जास्त झालं!' चार वाजता, 'अजून एक घोट!' साडेपाचला तळाशी, 'शाब्बास!' पॅकिंगखात्यातल्या बायकांना त्या फार आवडल्या. आपापल्या बाटलीवर नेलपॉलिशने खुणा करून सगळ्यांनी त्या मांडणीवर रांगेत ठेवल्या.

आठवड्याने मी संध्याकाळी तिथून जात होते. बाटल्या रांगेत, आणि सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. मला वाटलं, घरी न्यायला भरून ठेवल्या असतील. पुढच्या दिवशी दुपारी बघितलं, तरीही भरलेल्या.

आणि त्याच दुपारी हिराला उचलून माझ्याकडे आणलं.

हिरा पारधी, डोळखांबकडच्या एका पाड्यावरची, वय असेल तीस. पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालत, मग जीपने, मग कंपनीच्या गाडीने, असं करत ती रोज सकाळी सातला हजर व्हायची. डब्यांना झाकणं लावून ते खोक्यात भरायचं तिचं काम. हात इतका चलाख की बघत राहावं. ती आज झाकण लावतालावता खाली बसली आणि उठलीच नाही. अंगात ताप, थंडी वाजत होती, आणि कमरेच्या वर पाठीला हात लावला तर कळवळली.

"काय गो हिरा, काय होतंय?"

"काय नाय. चक्कर आली. अशक्तपणा हाय."

तो शब्द मीच त्यांना शिकवला होता. मी खाटेशेजारी बसले आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "लघवीला जळजळतं का?"

तिने तोंड भिंतीकडे केलं.

"पाणी पितेस का दिवसभर?"

"पिते ना."

"बाटली भरलेली आहे तुझी. मी बघितली."

तिने चादर अंगाभोवती ओढून घेतली. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "पानी प्याला का जावा लागतं, शिस्टर. जावा कसा?"

आणि मग सगळं बाहेर आलं. बायकांचं स्वच्छतागृह गोदामाच्या पलीकडे, भंगाराच्या ढिगामागे. तिथे जायचं तर प्रेसखात्यासमोरून, सगळ्या पुरुषांच्या नजरेसमोरून जायचं. दाराला कुलूप. किल्ली पॅकिंगच्या सुपरवायझरकडे. मागितली की तो एका वहीत नाव आणि वेळ लिहायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "परत?" आत गेलं तर दाराला कडी नाही, म्हणून दुसरीला सोबत न्यायचं. मग दोघींची नावं वहीत. त्यावर बायकांनी आपला उपाय काढला होता. पहाटे घरून निघताना पाणी प्यायचं नाही, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत एक घोटही नाही. पाळीच्या दिवसांत सरळ खाडा.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"पयल्यापासनं. सगळ्याच करतात. तुमाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. माझी खोली ऑफिसच्या इमारतीत, आणि तिथे फरशीचं, आरशाचं स्वच्छतागृह दहा पावलांवर. अठरा वर्षांत मी भंगाराच्या मागे एकदाही गेले नव्हते.

डॉक्टरांना फोन केला आणि हिराला कंपनीच्या गाडीतून सरकारी रुग्णालयात नेलं. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आठ दिवस ती तिथे होती. एक रात्र तर अशी गेली की तिच्या नवऱ्याने मला विचारलं, "शिस्टर, पाड्यावर कळवू का?" मी 'नको' म्हटलं आणि तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

मी कारखान्यात परतले, तक्ता उघडला आणि 'कारण' या रकान्याशी येऊन थांबले. मग लिहिलं, 'कामाच्या ठिकाणी लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी पिणे बंद.' रकाना लहान पडला, म्हणून समासात लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि खाली सही केली.

तासाभरात देवधर साहेबांनी बोलावलं.

"सिस्टर, हे काय लिहिलंय?"

"कारण."

"अहो, हे रेकॉर्ड उद्या कुणी बघितलं तर? तुम्ही 'अशक्तपणा' लिहा ना. नेहमीसारखं."

"नेहमी लिहीत आले तेच चुकलं, साहेब."

"स्वच्छतागृह आहे आपल्याकडे. नकाशात दाखवलेलं आहे."

"नकाशात आहे. तिथे लघवीला जाता येत नाही."

ते लाल झाले. मला वाटतं, 'लघवी' हा शब्द त्या केबिनमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. मग त्यांनी सांगितलं की पॅकिंगला बायका पुरवणारा ठेकेदार हिराच्या जागी दुसरी बाई बघतोय, कारण हिरा कमजोर आहे. मी म्हटलं, "मग माझीही जागा बघा. पण तो कागद बदलणार नाही." धीट बाई म्हणून मी कधीच प्रसिद्ध नव्हते. साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. शेवटी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात रिया मॅडम येताहेत. त्यांच्यासमोर हा विषय नको."

रिया मॅडम म्हणजे खोकी पाठवणाऱ्या. मी कुणी करारी बाई येईल असं धरून चालले होते. आली ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, गोड, धडपडी मुलगी. "सिस्टर, बाटल्यांना रिस्पॉन्स कसा आहे?" हा तिचा पहिला प्रश्न.

साहेबांनी विषय काढायला मनाई केली होती. मी काढला नाही. एवढंच म्हटलं, "मॅडम, तुम्ही एक दिवस पॅकिंगमध्ये काम करून बघा ना. फोटोही छान येतील. बाटली घ्या, खुणांप्रमाणे पाणी प्या."

ती एकदम खूश झाली. टोपी, एप्रन, मास्क चढवून ती सातला लाइनवर उभी राहिली, आणि त्या वेषात कुणाला ओळखू येईना. तिने बाटली प्रामाणिकपणे पाळली. नऊला 'सुंदर सुरुवात', अकराला 'थांबू नका'. सव्वाअकराला ती सुपरवायझरकडे गेली आणि किल्ली मागितली.

सुपरवायझरने मान वर न करता वही ओढली. "आत्ताच दोघी गेल्यात. थांब. सकाळी घरनं करून यायला काय होतं तुमाला?"

मी दारातून बघत होते. मॅडम काहीतरी बोलणार होती, पण आजूबाजूच्या बायका आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं, आणि ती गप्प झाली. वीस मिनिटं ती तशीच उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग किल्ली मिळाली. हिरा नुकतीच कामावर परत आली होती, दंडावर सुईचे डाग अजून होते. ठेकेदाराला दुसरी तशी चलाख बाई मिळाली नव्हती, हेही त्यात आलं. ती मॅडमच्या शेजारी जाऊन हळू म्हणाली, "चला, मी येते. दाराला कडी नाय. मी भायेर उभी राहीन."

दोघी प्रेसखात्यासमोरून, भंगाराच्या ढिगामागे गेल्या. वहीत दोन नावं चढली.

संध्याकाळी मॅडम दवाखान्यात येऊन खाटेवर बसली. मास्कचे वळ गालावर होते. बाटली तिने मांडीवर ठेवली होती, आणि पाणी दोनच्या खुणेवर थांबलं होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "मी चारचं पाणी प्यायलेच नाही."

मी कपाटातून तो तक्ता काढला आणि तिच्या हातात दिला. समासातलं तिने दोनदा वाचलं. मग बाटली उघडून, ऑफिसच्या स्वच्छतागृहाच्या भरवशावर, उरलेलं सगळं पाणी एका दमात प्यायली.

तिने वर काय लिहिलं, कुणाशी भांडली, मला ठाऊक नाही. पण तीन महिन्यांत पॅकिंगच्या भिंतीला लागूनच चार स्वच्छतागृहं उभी राहिली. आतून कडी, पाण्याचा नळ, झाकणाची बादली, आणि कुलूप नाही. वही बंद झाली. सुपरवायझरची बदली डिस्पॅचला झाली, तिथे तो ट्रकची वेळ लिहितो.

उद्घाटन मात्र बघण्यासारखं झालं. देवधर साहेबांनी फीत बांधली, भाषण लिहून आणलं. पण स्वच्छतागृहाची फीत कापतानाचा फोटो कुणालाच नको होता. साहेब मॅडमला 'तुम्ही कापा' म्हणाले, मॅडम मला म्हणाली, मी साहेबांना म्हटलं. शेवटी हिराने कात्री घेतली. "फोटो नाय काढायचा," तिने बजावलं, फीत कापली आणि सरळ आत जाऊन कडी लावून घेतली. तिच्यामागे बाकीच्या तिन्ही दारांशी रांगा लागल्या. साहेब बाहेर भाषणाचा कागद घेऊन उभे. "आजच्या या मंगल प्रसंगी" एवढंच ऐकू आलं, पुढचं नळाच्या आवाजात गेलं.

हेड ऑफिसच्या वार्षिक अहवालात या सगळ्याचं श्रेय पावलं मोजायच्या अॅपला मिळालं, असं पुढे कळलं. मॅडमने फोन करून माफी मागितली. मला हसूच आलं.

पाचसहा महिने गेले. एक दिवस साहेब तरातरा दवाखान्यात आले. "सिस्टर, हे तुम्ही शिकवलंत ना?"

"काय?"

"पॅकिंगच्या नऊ बायका माझ्या केबिनमध्ये आल्या होत्या. आत्ता. म्हणे, दिवसभर उभं राहून पाय सुजतात, बसून होण्यासारखं काम आहे, स्टुलं द्या. आणि तपासणीत पायाची सूज लिहून घ्या म्हणाल्या, कारणासकट!"

मी शपथेवर सांगते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. साहेबांना ते पटलं नाही. खरं म्हणजे मला थोडं लागलंच. अठरा-एकोणीस वर्षं जरा काही झालं की माझ्याकडे येणाऱ्या बायका, आणि एवढं ठरवलं तर मला एका शब्दाने सांगितलं नाही!

स्टुलं आली त्या दिवशी मी पॅकिंगमध्ये गेले. सगळ्या बसून काम करत होत्या, हात तसेच भराभर चालत होते. मी हिरापाशी जाऊन म्हटलं, "मला का नाही सांगितलंस गो? मी बोलले असते साहेबांशी."

तिने झाकण लावतालावताच वर बघितलं. तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "तुमाला कशाला तरास? पाय आमचे दुखतात. सांगाचा बी आमीच ना."

मग तिने पायानेच एक मोकळं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा, शिस्टर."

मी बसले. स्टूल एका पायात जरा आखूड होतं, डुगडुगत होतं. माझ्या तोंडावर आलं होतं की हे बदलून घ्यायला हवं. पण वाकून खाली बघितलं आणि थांबले. ते त्यांच्या लक्षात आलेलं होतंच. बैठकीच्या कडेला खडूने मोठी फुली मारलेली होती, आणि खाली स्टोअरसाठी लिहिलं होतं, 'परत'.